गायक आला नाही, मग रेकॉर्ड का नाही लावली? : 'द बिग ब्रॉडकास्ट' (१९३२) बद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत नाहीये ना, हे तुम्हाला कळेल. तुम्ही पत्रकारितेच्या मुलांना रेडिओचा इतिहास शिकवता. अमेरिकी रेडिओच्या भरभराटीच्या काळाची टर उडवणारा संगीतपट म्हणून तुम्ही त्यांना 'द बिग ब्रॉडकास्ट' हा १९३२चा सिनेमा दाखवलात. गाण्यांवर मुलांनी ठेका धरला, पण हसली मात्र जेमतेम. शेवटाकडे मुख्य गायक गायब होतो आणि त्याचा मित्र त्याच्या गाण्याची रेकॉर्ड मिळवायला रात्री शहरभर पळत सुटतो, तिथे एका मुलीने विचारलं, "रेडिओ स्टेशनच आहे ना ते? मग रेकॉर्ड तिथेच नाही का?" तुम्ही निरुत्तर झालात. घरी आल्यावर तुम्हालाच शंका आली की यात विडंबन आहे तरी कुठे, का नुसतीच गाण्यांची माळ आहे.

त्या मुलीला माझ्यातर्फे चहा पाजा. सिनेमाची कळ नेमकी तिच्या बोटाखाली आली आहे.

मी तीस वर्षं रेडिओत काढली, त्यातली बरीचशी ड्यूटी रूममध्ये. समोर घड्याळ, हाताशी क्यू शीट (कोणता कार्यक्रम किती वाजता, याचा तक्ता), एका कानाला मॉनिटर, दुसऱ्या कानाला फोन आणि पाळी संपताना लॉगबुक. त्यामुळे मी हा सिनेमा त्या खुर्चीतून बघते. सिनेमाचा अभ्यासक कदाचित दिग्दर्शक फ्रँक टटलच्या कॅमेऱ्याबद्दल बोलेल. माझी नजर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते.

माझ्या मते अडचण सिनेमात नाही. तुमच्या मुलांच्या डोक्यात 'रेडिओ' म्हटल्यावर जो रेडिओ वाजतो, तो वेगळा आहे. आपल्याकडे बरीच वर्षं रेडिओ म्हणजे सरकारी खातं होतं. घरी संच असेल तर वर्षाचं लायसन भरायचं, पोस्टात जाऊन. जाहिरात नावाचा प्रकार आकाशवाणीवर आला तो १ नोव्हेंबर १९६७ला, तोही विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. आणि तबकड्या तर रेडिओचा श्वासच. तबकडी लावणं यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, फर्माइशी कार्यक्रमांचा तर सगळा डोलाराच तिच्यावर. हा रेडिओ मनात धरून 'द बिग ब्रॉडकास्ट' पाहिला तर त्यातले निम्मे विनोद कानावरून निघून जाणारच.

अमेरिकेत उलटं होतं. श्रोत्याकडून लायसन नाही, सरकारचा पैसा नाही. मग खर्च कुणी करायचा? १९२२च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ या केंद्राने एका घरबांधणी कंपनीला दहा मिनिटं पन्नास डॉलरला विकली, आणि रेडिओत विकायचा माल काय आहे ते सगळ्यांना कळलं: वेळ. १९२६मध्ये एनबीसी आणि १९२७मध्ये सीबीएस ही रेडिओ केंद्रांची जाळी, म्हणजे नेटवर्क्स, उभी राहिली. पुढच्या पाचसहा वर्षांत अशी परिस्थिती आली की संध्याकाळचे मोठे कार्यक्रम रेडिओ कंपनी करतच नव्हती. ते करत होती साबणवाल्याची, टूथपेस्टवाल्याची जाहिरात एजन्सी. गायक कोण, निवेदक काय बोलणार, वाद्यवृंदाचं नाव काय, सगळं तिकडून ठरायचं. 'इपाना ट्रुबडूर्स' हा वाद्यवृंद, इपाना ही टूथपेस्ट. 'क्लिको क्लब एस्किमोज' हा बँजोवाल्यांचा ताफा, क्लिको क्लब हे जिंजर एल. हे वादक प्रेक्षकांसमोर आले की एस्किमोंचे केसाळ कोट घालून बसायचे, कारण पेय थंडगार आहे हे ठसवायचं होतं! आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे फ्रँक मन आणि व्हर्जिनिया रिया हे दोन चांगले गायक. पामोलिव्हच्या कार्यक्रमात त्यांची नावं बदलून केली पॉल ऑलिव्हर आणि ऑलिव्ह पामर. पुन्हा एकदा सावकाश वाचा. गायकाचं बारसंच साबणाने केलं.

आपल्याला याची थोडी चव रेडिओ सिलोनमुळे मिळाली. बिनाका गीतमाला १९५२पासून ऐकणाऱ्या पिढीला टूथपेस्टचं नाव कार्यक्रमाला कसं चिकटतं ते ठाऊक होतं. पण प्रायोजक स्टुडिओत येऊन गायकाला नोकरीवरून काढतो, हा अनुभव आपला नाही. म्हणून सिनेमात क्लॅपसॅडल नावाचा प्रायोजक दिसतो तेव्हा तुमच्या मुलांना तो एक चिडका म्हातारा वाटला असणार. १९३२च्या अमेरिकी प्रेक्षकाला त्यात आपल्या रोजच्या संध्याकाळचा खरा मालक दिसत होता.

आता कथा थोडक्यात, कारण पुढचं तिच्यावर उभं आहे. बिंग क्रॉस्बी हा रेडिओचा लाडका गायक, सिनेमातही त्याच नावाने. वेळ पाळणं त्याच्या स्वभावात नाही. तो चाहत्या बायकांच्या गराड्यातून कसाबसा उशिरा पोचतो, प्रायोजक खवळतो, गायकाची गच्छंती होते आणि बुडत्या स्टेशनचा पाय आणखी खोलात जातो. प्रेमात तोंडघशी पडलेल्या बिंगची गाठ तसाच प्रेमभंग झालेल्या टेक्सासच्या एका भोळ्या तेलवाल्याशी पडते. हा लेस्ली, म्हणजे स्टुअर्ट अर्विन, पैसेवाला आहे. तो स्टेशन विकत घेतो आणि ते सावरायला सगळ्या ताऱ्यांचा एक महाकार्यक्रम ठरवतो. त्याच रात्री बिंग बेपत्ता.

आणि आता त्या मुलीचा प्रश्न. मग रेकॉर्ड का नाही लावली?

एनबीसी आणि सीबीएस या दोन्ही जाळ्यांवर ध्वनिमुद्रित कार्यक्रमाला मज्जाव होता. कायद्याने नव्हे, कंपन्यांच्या स्वतःच्या नियमाने. जे ऐकू येईल ते त्याच क्षणी, माइकसमोर उभं राहून कुणीतरी केलेलं असलं पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी केलेला कार्यक्रम पश्चिम किनाऱ्याला तिथल्या सोयीच्या वेळी ऐकवायचा तर तीच मंडळी तीन तासांनी पुन्हा उभी राहून तोच कार्यक्रम, तेच विनोद, तीच गाणी नव्याने करायची. १९३७च्या मे महिन्यात हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळालं, तेव्हाचं हर्बर्ट मॉरिसनचं ध्वनिमुद्रित वार्तांकन एनबीसीने वाजवलं, ते अपवाद म्हणून.

हा हट्ट का? शुद्ध कलाप्रेमापोटी नक्कीच नाही. जाळं म्हणजे काय होतं? टेलिफोन कंपनीच्या भाड्याच्या तारा. त्या तारांवरून एकच आवाज एकाच वेळी शेकडो गावांत पोचतो, हाच त्यांचा माल. कार्यक्रम तबकडीवर घेऊन टपालाने त्या त्या गावच्या स्टेशनला पाठवता येतो, हे एकदा सगळ्यांना पटलं की तारा कशाला आणि जाळं तरी कशाला? म्हणून 'प्रत्यक्ष' हा शब्द त्यांनी देव्हाऱ्यात बसवला. वादकांच्या संघटनेलाही ते हवंच होतं, कारण तबकडी वाजली की वादकाची बिदागी बुडाली. गावोगावची छोटी स्टेशनं तबकड्या लावायची, पण 'ही तबकडी आहे' असं जाहीर करण्याचं बंधन सरकारी रेडिओ आयोगाने घातलेलं होतं. तबकडी म्हणजे गरिबाघरचं शिळं अन्न, असाच एकूण सूर.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. सिनेमातलं स्टेशन हे काही एनबीसी नव्हे. नियमावर बोट ठेवून बोलायचं तर लेस्लीला 'आता तबकडी ऐका' असं सांगून ती लावता आली असती. पण ज्या कार्यक्रमाची सगळी हवा 'आज रात्री अमुक अमुक तारे जातीने गाणार' अशी केली आहे, तिथे ते सांगणं म्हणजे दुकान बंद करण्यासारखंच. तेव्हा लेस्ली पळतोय तो नुसता एक वस्तू आणायला पळत नाहीये. रेडिओतलं सगळ्यात मोठं पाप करायला तो जिवाच्या आकांताने पळतोय, आणि ते पापही त्याला नीट साधत नाही. हे कळलं की त्या दृश्याचा रंग बदलतो.

ते दृश्य पुन्हा लावा, आणि आधी मुलांना एवढंच सांगा: 'कान देऊन बघा.' रेडिओवरच्या, गाण्यांनी खच्चून भरलेल्या या सिनेमात हा लांबलचक तुकडा जवळजवळ मुका आहे. बोलपट येऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि मूकपटाची धावपळ, आपटणं, हुकणं अजून सगळ्यांच्या अंगात होतं. म्हणजे आवाजाच्या धंद्याची फजिती दाखवायला दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतला. मला यापेक्षा धारदार टोमणा दुसरा माहीत नाही. शेवटी जी तबकडी हाताला लागते तीही धड राहत नाही. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या, पडली की फुटणार, तापली की वाकडी होणार. (ती लाख बहुतेक आपल्याच देशातून जायची, हेही सांगून टाका. मुलांचे कान टवकारतात.) मग बिचारा लेस्ली स्वतःच माइकसमोर उभा राहून बिंगसारखं गायचा प्रयत्न करतो. ऐन वेळी खरा बिंग येतो आणि गाणं ताब्यात घेतो.

माझ्या आयुष्यात हे दृश्य एकदा घडलं आहे, म्हणून मला ते जरा जास्तच लागतं. केंद्राचं नाव सांगत नाही, कारण चूक माझीच होती. रात्री साडेनऊला एका बुजुर्ग गायकांचं प्रत्यक्ष प्रसारण होतं. तुफान पाऊस, लोकल बंद, बुवांचा पत्ता नाही. साथीदार येऊन बसलेले, तंबोरे लावून तयार. नऊ अठ्ठावीसला मी लायब्ररीतून बुवांचीच जुनी टेप मागवली आणि कंट्रोल रूमला सांगितलं, लावा. निवेदिकेच्या हातातलं निवेदन बदलायचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. तिने आपलं वाचलं, 'आता आमच्या स्टुडिओतून ऐका.' दहा मिनिटांनी बुवा आले, चिंब भिजलेले. कॉरिडॉरमधल्या स्पीकरवर त्यांचाच मारुबिहाग चालला होता. ते क्षणभर थबकले, बाकावर बसले, पायातली चप्पल काढून पाणी झटकलं आणि म्हणाले, "मी गातोच आहे की. आता तुम्ही चहा तेवढा सांगा."

सगळे हसलो. तेवढ्यात ड्यूटी रूमचा फोन वाजला. बुवांचा एक शिष्य होता. "ताई, गुरुजी सकाळी म्हणत होते आज साथीला सारंगी आहे. पेटी कशी वाजतेय?"

दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला, आणि रास्त मिळाला. टेप लावली म्हणून नव्हे. 'स्टुडिओतून' हा शब्द खोटा निघाला म्हणून. श्रोत्याला आवाज आवडला होता, राग आवडला होता, तक्रार कुणाचीच नव्हती. पण एका माणसाने पेटी ओळखली. 'द बिग ब्रॉडकास्ट'मध्ये नाडी पकडली आहे ती हीच. श्रोत्याला दिसत काहीच नाही, त्यामुळे रेडिओचा सगळा व्यवहार एका शब्दाच्या विश्वासावर चालतो, आणि पडद्यामागे त्या शब्दासाठी माणसं कशी धावतात ते बाहेर कुणाला कळत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येते: हे विडंबन म्हणायचं का? ते तुम्ही विडंबनाकडून काय मागता त्यावर आहे. व्यवस्थेच्या चिंधड्या उडवणारं काही हवं असेल तर हा सिनेमा तुम्हाला मऊ वाटेल. सिनेमा काढणाऱ्या पॅरामाउंट कंपनीला रेडिओचे तारे पडद्यावर आणून तिकिटं खपवायची होती, हे लपलेलं नाही. केट स्मिथ, बॉस्वेल भगिनी, मिल्स ब्रदर्स, कॅब कॅलोवे, 'स्ट्रीट सिंगर' आर्थर ट्रेसी, व्हिन्सेंट लोपेझचा वाद्यवृंद. ज्यांचे आवाज लोक रोज ऐकत होते, त्यांचे चेहरे बघायला गर्दी होणारच होती. त्यामुळे या गायकांना सिनेमा बोट लावत नाही. टोमणे बसतात ते प्रायोजकाला, घड्याळाला आणि ऑफिसला.

ऑफिसवरून आठवलं, जॉर्ज बर्न्स आणि ग्रेसी ॲलन यांचे प्रसंग मुलांनी नीट ऐकले का? जॉर्ज स्टेशनचा मॅनेजर आणि ग्रेसी त्याची स्टेनो. ही नवरा-बायकोची जोडी व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी-नकला-विनोदांच्या मिश्र खेळांच्या, रंगमंचावर मुरलेली होती आणि १९३२च्या सुरुवातीला नुकतीच रेडिओवर आली होती. ग्रेसी वेडगळ नाही. ती सरळ प्रश्नाला तिच्या स्वतःच्या तर्काने, अगदी शांतपणे उत्तर देते, आणि तो तर्क आतून पक्का असतो. दिवाळं निघायला आलेल्या ऑफिसात सगळ्यात निश्चिंत बाई तीच. मी ज्या ज्या ऑफिसात काम केलं तिथे अशी एक व्यक्ती होतीच, आणि खरं सांगायचं तर ऑफिस तिच्यामुळेच टिकलं. इंग्रजी शब्दांच्या कोट्या भराभर जातात, तेव्हा हे प्रसंग इंग्रजी उपशीर्षकांसह दाखवा. नाहीतर अर्धे वाया.

आणखी एक गंमत मुलांना माहीत असण्याचं कारणच नाही. उशिरा येणारा बिंग ही निव्वळ कल्पना नव्हती, त्याच्या लौकिकावरच बेतलेली थट्टा होती. १९२९मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तो तुरुंगात गेला होता आणि त्यापायी एका मोठ्या संगीतपटातलं त्याचं गाणं दुसऱ्याला मिळालं. १९३१मध्ये लॉस एंजेलिसच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमधलं काम त्याने दांड्या मारून घालवलं. त्याच वर्षी सीबीएसवर त्याचा पहिला कार्यक्रम ३१ ऑगस्टला ठरला होता, तो झाला २ सप्टेंबरला. कारण दिलं गेलं घसा बसल्याचं. ते खरं असो नसो, लोकांनी काय तर्क केला असेल ते तुम्हीच ओळखा. तेव्हा प्रेक्षक हसत होता तो पात्राला नव्हे, समोरच्या खऱ्या माणसाला. आणि तो माणूस स्वतःची थट्टा स्वतःच्या नावाने करून घेत होता. एवढ्या सहजपणे ते करणारे नट आजही थोडेच.

त्याचं गाणंही याच दृष्टीने ऐका. माइक येण्याआधी गायक शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकत. माइकसमोर फेकायची गरज उरली नाही, कुजबुजलं तरी पोचायला लागलं. क्रॉस्बीने हे फार लवकर ओळखलं. बोस्टनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२च्या जानेवारीत या गुणगुण्या गायकांवर जाहीर टीका केली होती, इतकी ती कुजबुज लोकांना अंगावर आल्यासारखी वाटत होती. 'प्लीज' हे गाणं सिनेमात तो एका गिटारच्या साथीवर म्हणतो, ते पाहा. गिटारवाला एडी लँग. पुढच्याच मार्चमध्ये तो गेला, टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेत. त्या दोघांमधला मोकळेपणा बघायला मिळावा एवढ्यासाठीसुद्धा मी हा सिनेमा जपून ठेवेन. (त्या गाण्यात 'प्लीज' शब्दाची दुहेरी कोटी आहे, एकदा 'कृपया' आणि एकदा 'विनवण्या'. जॉन लेननने सांगितलंय की बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' त्यावरूनच सुचलं.)

काही गोष्टी खटकतीलही, आणि खटकू द्या. प्रेमभंगाने खचलेले दोन पुरुष खोलीत गॅस सोडून जीव द्यायला निघतात आणि सिनेमा त्यावर विनोद करतो. आज वर्गात ते दाखवण्यापूर्वी मुलांना आधी कल्पना द्या. कुणाच्या घरात काय घडलंय आपल्याला माहीत नसतं. मी तुमच्या जागी असते तर तो भाग गाळून पुढे गेले असते. दुसरं, कॅब कॅलोवे आणि मिल्स ब्रदर्स हे कृष्णवर्णीय कलावंत येतात, बहार उडवतात आणि जातात, कथेशी त्यांचा धागा कुठेच जोडलेला नाही. अशा जागा दक्षिणेकडच्या थिएटरात सहज कापता याव्यात, म्हणून त्या काळी सिनेमे असे बेतले जात. कॅलोवेच्या गाण्यातलं 'किकिन द गाँग अराउंड' म्हणजे त्या काळच्या बोलीत अफू ओढणं. दोन वर्षांनी, १९३४मध्ये सेन्सॉरची नियमावली कडक झाल्यावर हे गाणं असं सुटलं नसतं.

आता सगळ्यात रसाळ भाग, जो सिनेमात नाही पण त्याशिवाय सिनेमा पुरा होत नाही.

बिंग आला नाही म्हणून त्याची तबकडी वाजवायची, हा १९३२मधला विनोद. १९४६च्या ऑक्टोबरात हाच बिंग क्रॉस्बी नव्या एबीसी जाळ्यावर, फिल्को कंपनीच्या कार्यक्रमासाठी, चक्क आधी ध्वनिमुद्रित केलेला कार्यक्रम घेऊन आला. दर आठवड्याला ठरलेल्या मिनिटाला माइकसमोर हजर राहण्याचा त्याला कंटाळा आला होता. त्याआधी दहा वर्षं तो क्राफ्ट या चीज कंपनीच्या कार्यक्रमात गात होता, आणि एनबीसी त्याला ध्वनिमुद्रणाची सवलत देत नव्हती. सुरुवातीला फिल्कोचा कार्यक्रम सोळा इंची तबकड्यांवर घेत. एका तबकडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं जोडत जोडत आवाज इतका मरायचा की श्रोते रोडावले. तेव्हा जॅक मलिन नावाचा इंजिनियर पुढे आला. युद्ध संपल्यावर त्याने जर्मनीतून मॅग्नेटोफोन नावाची टेपवर आवाज मुद्रित करणारी दोन यंत्रं आणि टेपची पन्नास रिळं अमेरिकेत पाठवली होती. १९४७च्या ऑगस्टपासून क्रॉस्बीचा कार्यक्रम त्या टेपवर होऊ लागला. ती पन्नास रिळं संपली तर जगात दुसरीकडे मिळणार नव्हती, म्हणून कापलेले तुकडे चिकटवून पुन्हा वापरायचे. क्रॉस्बीने अँपेक्स या छोट्या कंपनीत पन्नास हजार डॉलर घातले आणि १९४८मध्ये त्यांची २०० नंबरची टेपयंत्रं बाहेर पडली. दोन्ही जुन्या जाळ्यांचा मज्जाव त्यानंतर फार टिकला नाही.

मलिनने पुढे एक किस्सा सांगितला आहे. बॉब बर्न्स या विनोदवीराने स्टुडिओत काही चावट किस्से सांगितले. रेडिओवर जाण्यासारखे नव्हते, पण प्रेक्षक पोट धरून हसले. किस्से कापले, हसणं मात्र ठेवून दिलं. काही आठवड्यांनी दुसऱ्या एका कार्यक्रमातले विनोद पडेल निघाले, तेव्हा ते जपून ठेवलेलं हसणं तिथे जोडून दिलं. डबाबंद हशाची सुरुवात तिथली. मी स्वतः टेपवर ब्लेड चालवलं आहे. तिरका काप घ्यायचा, चिकटपट्टी मागच्या बाजूने लावायची, नखाने घासायची. त्यामुळे हा किस्सा वाचला तेव्हा मला त्या माणसाच्या बोटांचा हेवाही वाटला आणि थोडी धास्तीही. माझ्या हातून एक शब्द खोटा झाला होता. इथे तर अख्खं सभागृहच दुसरीकडून आणून बसवलं.

तेव्हा वर्गासाठी माझा सल्ला असा. तुमच्याकडे एकच तास असेल तर पूर्ण सिनेमा दाखवू नका, तो सुमारे ऐंशी मिनिटांचा आहे. आधी पाच मिनिटं वेळ विकण्याचा धंदा समजावा, पॉल ऑलिव्हर आणि ऑलिव्ह पामर यांची नावं फळ्यावर लिहा. मग बिंगच्या उशिराचा सुरुवातीचा प्रसंग, एक गाणं, ग्रेसीचा एखादा प्रसंग आणि शेवटचा रेकॉर्डचा पाठलाग. नंतर मलिनची गोष्ट. दोन तास असतील आणि मुलं जुन्या सिनेमाला सरावलेली असतील तर पूर्ण दाखवा, मात्र गॅसच्या प्रसंगाचं सांगितलं ते पाळा. पुढचे 'द बिग ब्रॉडकास्ट ऑफ १९३६', 'ऑफ १९३७' आणि 'ऑफ १९३८' अशा नावांचे सिनेमे याच माळेतले आहेत, पण रेडिओवरचा चिमटा त्यांत पातळ होत जातो. मुलांना आवडलंच तर १९३७चा 'वेक अप अँड लिव्ह' शोधा. त्यात माइकला घाबरणारा एक गायक नकळत रेडिओवर गातो आणि सगळं शहर त्या अज्ञात आवाजाच्या मागे लागतं. पडद्यावर तो गायक जॅक हेली, पण गळा त्याचा नाहीच. तो बडी क्लार्कचा. हे सिनेमा संपल्यावर सांगा, आधी नको. आणि त्या मुलीला विचारा, तिला कुठे पेटी ऐकू आली का.